खणांचा हिशेब

आमच्याकडं घर फुटांत सांगत नाहीत, खणांत सांगतात. दोन तुळयांच्या मधली जागा म्हणजे एक खण. सोयरीक जमवताना ‘पाच खणांचं घर हाय’ एवढं म्हटलं की ऐकणाऱ्याला बाकीचं आपोआप कळायचं. दावणीला बैल किती असतील, बळदात दाणे किती, एका वेळी पंगत कितीची बसेल. आमचं घर सात खणांचं. गाव निफाड तालुक्यात, गोदावरीच्या काठाला, चांदोरी-सायखेड्याच्या खालच्या अंगाला. गावात त्याला वाडा म्हणतात, पण तो सरदाराचा वाडा नव्हे. सरदारांचे वाडे आमच्या जिल्ह्यात पुष्कळ. चांदवडला होळकरांचा रंगमहाल आहे, विंचूरला विंचूरकरांचा वाडा, चांदोरीला हिंगण्यांचा. हे हिंगणे म्हणजे पेशव्यांचे दिल्ली दरबारातले वकील. अशा वाड्यांवर कुणी ना कुणी लिहून ठेवलेलं असतं, त्यांच्या खांबांवरची नक्षी बघायला लांबून माणसं येतात. आमचं घर कुणब्याचं. त्याच्याबद्दल लेखी काही असेल तर ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या वहीतली एक ओळ. दगड, विटा, मातीतलं बांधकाम. कर थोडा बसतो, एवढाच त्या ओळीचा उपयोग.

चार वर्षांपूर्वी दादानं फोन करून सांगितलं की धाबं उतरवून स्लॅब टाकायचा विचार आहे. ‘पाणी गळू राहिलं, तुळई वाकली. तुझं काय म्हणणं?’

माझं म्हणणं विचारायचं कारण होतं. नाना गेले तेव्हा वारसाच्या नोंदीत माझं नाव लागलं होतं. 2005च्या कायद्यानं मुलगी मुलासारखीच वडिलोपार्जित मालमत्तेची हिस्सेदार झाली, पण आमच्याकडं अजून बहिणी हक्कसोडपत्रावर सही करून चोळीबांगडी घेतात आणि माहेर राखतात. मी सही केली नव्हती, आणि दादानंही कधी मागितली नाही. म्हणून सात खणांत माझाही कुठंतरी कागदोपत्री हिस्सा होता. मी राहते नाशिकला, फ्लॅटात. घरात राहतात दादा, वहिनी, त्यांचा मुलगा, सून आणि नातू. आता घर बदलायचं की जसं आहे तसं राखायचं, हे ठरवायचं कुणी? कागदावर नाव असलेल्यानं? ज्यानं बांधलं तो तर केव्हाच गेला. की जी बाई रोज पहाटे त्यात झाडू मारते तिनं? प्रश्न एका घराचा वाटतो, पण निफाड-येवला-सिन्नरच्या बाजूला कुठल्याही गावठाणात जा, दर तिसऱ्या दारात हीच बोलणी चाललेली सापडतील.

आधी घर कसं होतं ते सांगते, कारण त्याशिवाय स्लॅबचं भांडण समजायचं नाही.

गावाची जमीन दोन रंगांची. शेतं असतात ती काळी, आणि घरं असतात ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्या राख, शेण, पडलेल्या भिंतींचा चिखल मुरून गावठाणाची माती पांढरी पडते, चिकट होते. काळ्या मातीत भिंत उभी राहत नाही. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात फाटते. म्हणून घर पांढरीचं. आमचं जोतं कमरेइतकं, घडीव काळ्या दगडाचं. त्याच्यावर दोन हात रुंद भिंत, तीही छातीपर्यंत दगडाची आणि वर पांढऱ्या मातीच्या कच्च्या विटांची. पण छप्पर भिंतीवर नाही, ते सागाच्या खांबांवर. खांबाखाली दगडी उथळं, खांबाच्या डोक्यावर हस्त, हस्तावर तुळई, तुळईवर सर, सरांवर किलच्या. किलच्यांवर पाला आणि चिखल, आणि सगळ्यात वर खाऱ्या मातीचा थर. हे झालं धाबं. भिंत कोसळली तरी धाबं खांबांवर तसंच उभं राहतं. ही गोष्ट आम्ही 1969च्या पुरात डोळ्यांनी पाहिली.

धाबं आमच्याच भागाचं. इगतपुरीकडं तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तिथं उतरतं कौल नाहीतर गवताचं छप्परच टिकतं. जिल्हा एकच, पण पूर्वेला याल तसा पाऊस कमी होत जातो आणि छपरं सपाट होत जातात. त्या सपाट छतावर आम्ही कुरडया वाळवल्या, उन्हाळ्यात रात्री झोपलो. निफाडचा पारा हिवाळ्यात किती खाली गेला हे दर वर्षी पेपरात छापून येतं. द्राक्षवाले शेकोट्या पेटवतात. त्या थंडीत माजघरात एक गोधडी पुरायची. मे महिन्यात तिथंच अंगावर चादर घ्यावीशी वाटायची. हे माझ्या आठवणीतलं घर.

वहिनीच्या हिशेबातलं घर वेगळं आहे. तिचा हिशेब मी या वेळी पहिल्यांदा नीट ऐकला, कारण या वेळी ती दादाच्या मागं उभी राहून बोलली नाही, समोर बसून बोलली.

‘ताई, तुम्ही दिवाळीला येता, चार दिस राहता. धाबं चांगलंच वाटंल. मिरगाच्या आधी खारी माती चढवायची असते ती पाट्या कोण वाहतं? आता मजूर मिळत नाही, मिळाला तर म्हणतो द्राक्षाच्या थिनिंगला जास्ती हजेरी भेटते. वरून पाणी आलं का रात्रभर पातेली मांडायची. किलच्यांमधून माती पडती, ताटात पडती. मागल्या साली पाळण्यात इंचू पडला, पोरगं वाचलं.’

मग माजघर. माजघराला खिडकी नाही. उजेडासाठी धाब्यात एक साणं ठेवलेलं, म्हणजे हातभर भोक, पाऊस आला की त्यावर पाटी पालथी घालायची. त्या अंधारात आमच्या घरातल्या चार पिढ्यांच्या बाया बाळंत झाल्या, चुलीपुढं बसल्या. आजीचे डोळे साठीच्या आतच गेले. मोतीबिंदू होताच, पण धूरही होता. पुढची ओसरी मात्र तीन बाजूंनी मोकळी, ऐसपैस, उजेडाची. तिथं पुरुष बसायचे. घर बांधणाऱ्याला खिडकी ठेवता येत नव्हती असं नाही, वरच्या माडीला त्यानं दोन ठेवल्या होत्या. चोरांची भीती, धान्याची राखण, ही कारणं मी ऐकलेली आहेत आणि ती खोटी नाहीत. तरी उजेड कुणाच्या वाट्याला आणि अंधार कुणाच्या, हे कुणीतरी भिंत घालतानाच ठरवलं होतं.

माझ्या नात्यातला एक मुलगा आर्किटेक्ट आहे. त्याला मी घर दाखवायला नेलं. तो माजघरात उभा राहिला, भिंतीला तळहात लावला आणि म्हणाला, ‘काय गारवा आहे! याला हात लावू नका.’ वहिनी चहा घेऊन आली होती. ती काही बोलली नाही. कप ठेवून गेली.

त्याच मुलानं मला विल्यम मॉरिसबद्दल सांगितलं. पुढं मी थोडं वाचलं. इंग्लंडात थेम्स नदीच्या वरच्या अंगाला केल्म्स्कॉट नावाचं खेडं आहे. तिथं शेतकऱ्याचं एक दगडी घर, 1570च्या सुमाराचं. पुढं शंभरेक वर्षांनी त्याला एक बाजू नवी जोडली. मॉरिस मोठा कारागीर आणि कवी. 1871 साली त्यानं हे घर भाड्यानं घेतलं आणि तो त्याच्या प्रेमातच पडला. त्या काळी तिकडं जुन्या चर्चांचा जीर्णोद्धार जोरात चालला होता. मधल्या काळात झालेले सगळे फेरफार खरवडून काढायचे आणि इमारत ‘मुळात होती तशी’ करायची, असा तो जीर्णोद्धार. मॉरिस त्याच्यावर चिडला. 1877 साली त्यानं जुन्या इमारती वाचवण्यासाठी संस्था काढली, ती आजही चालू आहे. त्याचं म्हणणं असं की ‘मुळात होती तशी’ ही आपल्या मनातली कल्पना असते. इमारतीवर प्रत्येक काळानं हात फिरवलेला असतो आणि ते सगळे हात मिळूनच ती इमारत होते. आपण फक्त रोजची डागडुजी करावी, गळतं छप्पर वेळेवर शिवावं, पडणाऱ्या भिंतीला टेका द्यावा.

हे मला पटलं, आणि एका ठिकाणी अडलं. रोजची डागडुजी म्हणजे कुणाची रोजची? मॉरिसचं मुख्य बिऱ्हाड लंडनला होतं. केल्म्स्कॉटला तो राहायला जायचा, उन्हाळ्यात, सुट्टीत. घराचा मालकही तो नव्हता, भाडेकरू होता. म्हणजे तोही एका अर्थी दिवाळीला येणारा पाहुणाच. पाहुण्याची माया खोटी नसते. उलट घर डोळे भरून बघायला बहुतेक पाहुण्यालाच सवड असते. पण त्या मायेच्या जोरावर दुसऱ्याच्या डोक्यावर मातीची पाटी चढवता येत नाही.

मॉरिसची दुसरी गोष्ट मात्र आमच्या घराला अक्षरशः लागू पडते. आमचं घर ‘होतं तसं’ म्हणजे कधीचं? खापरपणजोबांनी बांधलं तेव्हा त्याला माडी होती. ती आजोबांनी उतरवली, कारण मागच्या बाजूचे खांब वाळवीनं पोखरले होते. 1969च्या पुरात नदीकडची भिंत वाहून गेली, ती भाजक्या विटांत उभी केली. लांबून पाहिलं तर आजही रंगाचा फरक दिसतो. मोठ्या दरवाजाला दिंडी होती, म्हणजे मोठ्या फळीतलं छोटं दार, वाकून आत जायचं. बैलगाडी त्या दरवाजातून आत यायची. ट्रॅक्टर आला तेव्हा ट्रॉली अडायला लागली. नानांनी चौकट काढली, एका अंगाची भिंत दोन हात मागं घेतली. चौकटीची गणेशपट्टी आता देवघरात आहे आणि दाराच्या फळ्या कांद्याच्या चाळीत. तेव्हा कुणीही हळहळलं नाही. ट्रॅक्टर आला याचे पेढे वाटले गेले.

आणि सगळ्यात मोठा बदल तर घर बदलण्यासाठी केलाच नव्हता. नाना आणि चुलते वेगळे झाले तेव्हा चौकाच्या मधोमध भिंत घातली. ओसरीच्या सात खणांतले चार इकडं, तीन तिकडं. देवघर आमच्याकडं आलं, आड त्यांच्याकडं गेला. भिंत एका रात्रीत घातली, अर्ध्या विटेची, गिलावा न करता, जणू उद्या काढायचीच आहे. ती आजतागायत आहे. चौकात पहाटे ऊन उतरायचं ते बंद झालं, वारा अडला, पावसाचं पाणी आमच्या बाजूला तुंबायला लागलं. घराच्या रचनेवर घाव म्हणाल तर हाच. स्लॅबनं झालं नसतं इतकं वाटोळं त्या अर्ध्या विटेच्या भिंतीनं केलं. पण जुनी घरं वाचवा म्हणणारे लोक तिच्याबद्दल बोलत नाहीत, कारण ती वास्तुकलेत मोडत नाही, ती वाटणीत मोडते. 2020 साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत आमच्या गावठाणावरूनही ड्रोन फिरला. वरून पाहिलं तर धाबं सलग एकच. खाली येऊन मोजणीवाल्यांना विचारावं लागलं की हद्द कुठं धरायची.

म्हणजे ‘बदलू नका’ म्हणणाऱ्याला आधी सांगावं लागेल की कुठल्या सालापासून पुढं बदलू नका. माडीसकट? पुराआधीची? एकत्र कुटुंबाची? आठवण ज्या वयाची असते त्या वयाचं घर आपल्याला अस्सल वाटतं. माझं अस्सल घर साधारण 1972चं आहे. वहिनीचं 1982चं, ती लग्न होऊन आली त्या सालचं. नातवाला विचाराल तर तो स्लॅबचंच म्हणेल.

एवढं म्हटल्यावर कुणाला वाटेल की मग काहीही केलं तरी चालतं. तसंही नाही. नानांनीच एका साली पुढच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करून घेतला, घर पक्कं दिसावं म्हणून. मातीची भिंत जमिनीतून ओल घेते आणि वाऱ्याला सोडून देते. वरून सिमेंट लिंपल्यावर ओल आत कोंडली. दहा वर्षांत गिलावा पापडासारखा सुटला आणि मागच्या कच्च्या विटा हातात घेतल्या की भुगा. पूर्वीचा माती-शेणाचा किंवा चुन्याचा गिलावा दर दोन वर्षांनी खराब व्हायचा, पण तो स्वतः खराब होऊन भिंत राखायचा. ही गोष्ट आमच्या गवंड्यांना ठाऊक होती. त्यांच्या मुलांनी दुसरे धंदे धरले आणि ती गोष्ट त्यांच्याबरोबर गेली. सोयीसाठी घर बदलणं निराळं आणि ते कसं चालतं हे न समजता बदलणं निराळं. पहिल्यासाठी मी कुणालाही बोल लावणार नाही.

मधेच एक व्यापारी आला. धाबं उतरणार ही बातमी वाऱ्यावर जाते, आणि जुन्या लाकडाचे व्यापारी मोटारसायकलवर गावोगाव फिरत असतात. त्यानं खांबांना टाचणी टोचून पाहिली, हस्तांवरची कमळं मोजली आणि सगळ्या लाकडाचा एक आकडा सांगितला. आकडा मोठा होता. निम्म्या स्लॅबचा खर्च निघाला असता. आमच्या आसपासच्या गावांतले कितीतरी खांब असे गेले आहेत. मुंबईला जोगेश्वरीजवळ ओशिवऱ्याला जुन्या फर्निचरचा बाजार आहे, तिथं असे दरवाजे भिंतीला टेकून उभे दिसतात. पुढं ते हॉटेलात जातात, बंगल्यात जातात, काचेखाली टेबल होतात.

मला ते नको होतं. का नको, ते मात्र चटकन सांगता येईना. खांब विकला तर तो निदान शे-दीडशे वर्षं आणखी जगेल, कुणीतरी त्याला तेल-पाणी करील. नाही विकला तर शेवटी तो गोठ्याला लागणार नाहीतर बंबात जाणार. ज्याला लाकडाची काळजी आहे त्यानं विकायला हवं. मग माझा जीव लाकडात नाही असं ठरतं. माझ्या मते खांब हा घराचा शब्द आहे, आणि एखाद्याच्या बोलण्यातला एक शब्द उचलून तो दुसऱ्याच्या दिवाणखान्यात टांगला तर तो ओळखू येतो, पण तो काही म्हणत नाही. आता हे तत्त्वज्ञान मी दादाला सांगितलं नाही. त्याला द्राक्षाच्या कर्जाचा हप्ता होता. मी इतकंच म्हटलं की माझ्या हिश्शाचं लाकूड विकू नकोस. तो म्हणाला, ‘तुझ्या हिश्शाचं कोणतं अन् माझ्या हिश्शाचं कोणतं, हे आता खांबाला विचारू का?’ आणि व्यापाऱ्याला परत पाठवलं.

धाबं उतरवलं ते मागच्या तीन खणांचं. तिथं खाली नवीन पाया घेऊन आरसीसीचे कॉलम उभे केले, स्लॅब टाकला, स्वयंपाकघर आणि न्हाणी तिकडं नेली. वहिनीला उठून बाहेर न जाता संडासला जाता येतं, हे तिनं मला तीनदा सांगितलं. पुढचे खण तसेच ठेवले. वरची माती उतरवून ओझं हलकं केलं, वाकलेली तुळई बदलली. वर्षानुवर्षं एकेक थर चढत गेला होता, माती हातभर जाड झाली होती. एवढं वजन त्या तुळईनं आजवर पेललं याचंच सुताराला नवल वाटलं. तुळई खाली घेतली तेव्हा तिच्या पोटाला जुन्या खाचा दिसल्या, चौकोनी, रिकाम्या. आमच्या घरात त्या जागी कधी काही बसत नव्हतं. सुतार म्हणाला, ही आधी दुसऱ्या कुठल्या तरी घरात होती, मग इथं आणली. खापरपणजोबांनी कुणाचं तरी घर मोडताना विकत घेतली असणार. कुणाचं, ते सांगणारं कुणी नाही.

माजघराला खिडकी पाडायला गवंड्याला दोन दिवस लागले. दोन हात रुंद भिंत, आतून दगड निघत राहिले.

राहिला तो कोनाडा.

ओसरीच्या पायऱ्यांशेजारी, बाहेरच्या अंगाला, जोत्याच्या दगडात एक कोनाडा आहे. जमिनीपासून गुडघ्याएवढा वर. घरात कोनाडे पुष्कळ, दिव्याचे, देवाचे, मापट्याचे, पण ते सगळे आत. बाहेरच्या त्या कोनाड्यात कान तुटलेला कप आणि एक जर्मनचा पेला असायचा. आमच्याकडं कामाला राजवाड्यातली माणसं यायची. आमच्या भागात पूर्वीच्या महारवाड्याला राजवाडा म्हणतात, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. सालगड्यानं कप स्वतः काढायचा, पायरीखाली बसायचं, आजी वरून चहा ओतायची, पिऊन झाल्यावर कप धुऊन पुन्हा कोनाड्यात. हे मी पाहिलेलं आहे, ऐकलेलं नाही. आणि आमचं गाव काही जगापासून लांब नव्हतं. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह 2 मार्च 1930ला सुरू झाला आणि पाच वर्षं चालला. 13 ऑक्टोबर 1935ला येवल्याला बाबासाहेबांनी सांगितलं की हिंदू म्हणून मी मरणार नाही. येवला आमच्या घरापासून एस.टी.नं जाऊन संध्याकाळी परत येता येईल इतकं जवळ. त्यानंतर तीसएक वर्षं उलटली तरी कप तिथंच होता.

आर्किटेक्ट मुलानं दुरुस्तीचा नकाशा काढला तेव्हा त्या कोनाड्यात एक पणती दाखवली होती. त्याला माहीत नव्हतं. दादाला माहीत होतं, आणि दादाचं म्हणणं होतं की कोनाडा बुजवून टाकावा. ‘नको ते. कशाला उगाच.’

आमच्या सालगड्याचा मुलगा माझ्या वर्गात होता. पुढं तो नाशिकरोडच्या प्रेसमध्ये लागला, आता निवृत्त होऊन गावात घर बांधून राहतो. काम चालू असताना तो सहज आला, ओसरीवर खुर्चीत बसला. मी त्याला सरळ विचारलं. मला वाटतं हा प्रश्न विचारण्यातही थोडा लबाडपणा असतो. ज्याच्या बापाला पायरीखाली बसवलं त्यालाच निवाडा करायला लावायचा. पण विचारला.

तो बराच वेळ कोनाड्याकडं बघत राहिला. म्हणाला, ‘ठेवाल तर तिथं दिवा लावाल, ताई. मंग येणारा-जाणारा म्हणंल, काय झकास हाय. फोटो काढंल.’ थोडा थांबला. ‘बुजवाल तर तुमची पोरं म्हणतील, आमच्याकडं असलं काही नव्हतंच. आमच्या घरात असा कोनाडा नाही, त्यामुळं मला काय अडचण नाही. तुमचं तुम्ही बघा.’ मग द्राक्षाच्या भावाचं बोलणं निघालं.

तो गेल्यावर दादा आणि मी त्या विषयावर बोललो नाही. गवंड्यानं जोत्याच्या दगडांच्या दर्जा चुन्यानं भरल्या, कोनाडा भरला नाही. दादानं त्याला तसं सांगितलं होतं की सिमेंट संपलं होतं, हे मी विचारलेलं नाही. पणती मात्र कुणी ठेवली नाही.

मागच्या उन्हाळ्यात गेले तर कोनाड्यात पंपाच्या चाव्या आणि द्राक्षाच्या औषधाची एक रिकामी बाटली. मी ती काढली, चाव्या आत खुंटीला लावल्या. वहिनी नव्या खिडकीखाली मेथी निवडत बसली होती. तिनं विचारलं, ‘चाव्या का आणल्या आत? तिथं बऱ्या पडतात हाताशी.’

तेव्हा तिला सांगितलं. चाळीस वर्षं ती या घरात आहे, पण ती आली तेव्हा कप गेलेला होता आणि तिला कुणी काही बोललं नव्हतं. ती ऐकत राहिली. कप कसला होता, चहा कोण ओतायचं, आईसुद्धा ओतायच्या का, असं एकेक विचारत गेली. आईसुद्धा, असं मी सांगितलं. मग तिनं मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि अंगणात खेळणाऱ्या नातवाला हाक मारली.

‘ए, इकडं ये. आत्याआजी काय सांगू राहिल्या ते ऐक.’